सुकुमार सेन : पहिल्या मतपेट्यांचे राखणदार

गेल्या वर्षी आमच्या राज्यशास्त्र मंडळाने अभिरूप संसद भरवली आणि माझ्या वाट्याला कायदामंत्र्यांची भूमिका आली. विरोधी बाकांवरून प्रश्न आला, की मतपेट्यांच्या सुरक्षिततेसाठी सरकारने काय तयारी केली आहे. मी मोठ्या ऐटीत उत्तर दिले, की निवडणूक आयोग स्वायत्त आहे, त्याच्या कामात सरकार हात घालत नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही. सत्ताधारी बाके दणाणली. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी आमच्या सरांनी एवढेच विचारले, की पेट्यांसाठी पैसा कोणी मंजूर केला, बंदोबस्ताचे पोलीस कोणाचे आणि निवडणुकीचा कायदा कोणी केला. तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला ठाऊक होती आणि तिन्ही माझ्याच भाषणाच्या विरुद्ध जात होती. त्या ओशाळलेपणातून सुट्टीत ग्रंथालयात बसले आणि सुकुमार सेन या माणसाची ओळख झाली.

नाव परीक्षेपुरते पाठ होते. भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. एका गुणाचा प्रश्न. या गृहस्थांनी आत्मचरित्र लिहिले नाही, त्यामुळे त्यांना शोधायचे ते त्यांच्या कामातच.

सेन यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरच्या वर्षांतला, एका बंगाली कुटुंबातला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आणि पुढे लंडन विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. लंडनला गणितात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. नंतर आय.सी.एस., बंगालच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून नोकरी, न्यायाधीशाचे काम, आणि स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालचे मुख्य सचिवपद. सरकारी चाकरीतील चढत्या पायऱ्यांची ही हकिगत इथे लांबवीत नाही. गणित आणि न्यायासन, या दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांना दोन्हींचा उपयोग झाला.

मार्च १९५० मध्ये ते दिल्लीला आले. ज्या खुर्चीवर ते बसले, ती खुर्ची कशी घडली हे सांगितल्यावाचून त्यांचे काम कळायचे नाही. जून १९४९ मध्ये घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती मांडली, की केंद्रासाठी आणि प्रांतांसाठी वेगवेगळी निवडणूक यंत्रणा न ठेवता सगळे काम एकाच मध्यवर्ती आयोगाकडे द्यावे. एखाद्या प्रांताचे सरकार आपल्याला नको असलेल्यांची नावे यादीतून गाळील, ही भीती त्यामागे होती. त्यावर शिब्बनलाल सक्सेना यांनी सुचवले, की आयुक्ताची नेमणूक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी मान्य करावी. हृदयनाथ कुंझरू यांनाही नेमणुकीचा अधिकार असा मोकळा सोडणे पसंत नव्हते. सक्सेनांची सूचना काही स्वीकारली गेली नाही. नेमणूक राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात सरकारकडे राहिली. संसदेने यासंबंधी कायदा करावा अशी जागा मात्र कलम ३२४ मध्ये ठेवली गेली. ती जागा भरायला २०२३ साल उजाडावे लागले, तेही सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी कान टोचल्यानंतर. त्र्याहत्तर वर्षे! आपल्या संसदेला इतर विषयांत एवढा धीर धरलेला मी पाहिलेला नाही.

तर असे एकट्या माणसाचे आयोगपद घेऊन सेन कामाला लागले. पंडित नेहरूंना निवडणूक लवकर, शक्य तर १९५१ च्या वसंतातच व्हावी असे वाटत होते. सेन यांनी थोडे थांबायला सांगितले. समोर १७ कोटींहून अधिक मतदार होते, त्यांतले शेकडा पंच्याऐंशी निरक्षर. लोकसभेच्या आणि विधानसभांच्या मिळून सुमारे साडेचार हजार जागा होत्या, २ लाख २४ हजार मतदान केंद्रे होती. मतदारयाद्यांचे काम घटना समितीच्या कचेरीने १९४७ पासूनच हाती घेतले होते. पण त्या टंकलिखित करून लावून घेण्यासाठी साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या कराराने नेमावे लागले.

या याद्यांतली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसले. उत्तरेतल्या अनेक राज्यांत बायकांनी आपले नावच सांगितले नव्हते. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद. सेन यांनी अशा नोंदी नाकारल्या. ज्यांची नावे मिळाली नाहीत, अशा सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. प्रथम मला त्यांचा रागच आला. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या, स्वतःचेही न सांगणाऱ्या आजीच्या पिढीला आपल्याकडेही आपण ओळखतो. तिचा मताचा हक्क कारकुनाच्या रकान्यापायी जावा? पण नाव नसलेल्या नोंदीवर कोणीही येऊन मत देऊन गेले असते, हेही खरे. न्यायासनावर बसलेल्या माणसाने दोन अन्यायांतला एक निवडला. पुढच्या निवडणुकीत आपल्या नावाने यायला त्या बायकांना वाट मोकळी राहिली. तरी ते २८ लाख मला अजून पटलेले नाहीत.

आता पेट्यांकडे वळू. मतदाराला वाचता येत नाही, तर शिक्का कुठे मारायचा हे तो कसे ओळखणार? म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावले. मतदाराने आडोशाला जाऊन हवी त्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकायची, काही खूण करायची नाही. सोपी युक्ती, पण तिच्यापायी पेट्यांची संख्या सुमारे वीस लाखांवर गेली. ८,२०० टन पोलाद लागले. यांतल्या बारा लाखांहून अधिक पेट्या मुंबईला विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात काही महिन्यांत तयार झाल्या. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसली जाणारी शाई लावली. तिच्या ३,८९,८१६ कुप्या लागल्या. बंदोबस्ताला २ लाख २४ हजार पोलीस होते. म्हणजे केंद्रामागे सरासरी एकच शिपाई! आणि तो राज्य सरकारचा. आयोगाजवळ स्वतःचा ना शिपाई, ना कारकून. घटनेप्रमाणे राज्यपालांनी मनुष्यबळ पुरवायचे, म्हणजे ज्या सरकारची परीक्षा आहे त्याच सरकारने पर्यवेक्षक धाडायचे. माझ्या भाषणातली स्वायत्तता इथे लंगडी पडली. सरकारने दिलेले पोलीस नीट वागतात की नाही, हे विचारायला सभागृहाखेरीज दुसरी जागा नव्हती.

पण सभागृहाने किती विचारावे? सेन यांच्या वाट्याला हा प्रश्न मतदारसंघांच्या आखणीत आला. १९५० च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्यासाठी खासदारांची सल्लागार समिती होती. तिचे मत घेऊन आयुक्ताने प्रस्ताव करायचा, राष्ट्रपतींनी आदेश काढायचा आणि तो आदेश संसदेपुढे ठेवायचा. संसदेला त्यात बदल करता येत असे. तिने बदल केलेही. आता ज्यांना त्याच मतदारसंघातून उभे राहायचे, त्यांच्याच हाती सीमारेषेची पेन्सिल! निवडणुकीनंतर सेन यांनी स्पष्टपणे शिफारस केली, की या कामाचा अखेरचा शब्द स्वतंत्र मंडळाकडे असावा. १९५२ च्या कायद्याने परिसीमन आयोग नेमला गेला आणि त्याचे आदेश अंतिम ठरले. संसदेने आपणहून आपला एक अधिकार सोडला, हे मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत देखणे दृश्य वाटते. विचारण्याचा अधिकार ठेवून खोडण्याचा सोडणे, हे तिला त्या वेळी जमले.

मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलमधल्या चिनी या दुर्गम भागापासून सुरू झाले, बर्फ पडायच्या आत. ते फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालले. मुंबईत उत्तर मुंबई हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. तेथे बाबासाहेब नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. अशा मतदारसंघात मतदाराला दोन मते असत आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. एकाच पेटीत दोन्ही टाकली तर त्यांतले एक बाद. अशी सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध याचिका केली. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे अशी याचिका निवडणूक आयोगाकडेच द्यायची असे आणि आयोगाने न्यायाधिकरण नेमायचे. म्हणजे ज्या आयोगाची दुरुस्ती बाबासाहेबांनी घटना समितीत मांडली, त्याच आयोगाच्या दारी त्यांना वादी म्हणून जावे लागले. निकाल बदलला नाही. बाबासाहेब पुढे राज्यसभेत गेले. या प्रसंगी कोणी यंत्रणेच्या मुळावर घाव घातला नाही, कायद्याने दाखवलेल्या दाराशी गेले, हे मला वाचताना मोलाचे वाटले. पण एवढी मते बाद होईपर्यंत मतदारांना कोणीच कसे समजावले नाही, ही बोचणी राहतेच. दोन जागांचे मतदारसंघ पुढे १९६१ मध्ये रद्द झाले.

१९५३ मध्ये सुदानची पहिली निवडणूक घेण्यासाठी सेन तिकडच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष म्हणून गेले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९५५ मध्ये पहिल्या निवडणुकीचा त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. कायदेमंडळाला यंत्रणेवर नजर ठेवायची तर आधी हिशेब हाती लागतो, आणि तो सेन यांनी कुपीकुपीपर्यंत दिला. जुन्या पेट्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे १९५७ ची निवडणूक साडेचार कोटी रुपयांनी स्वस्त झाली. दुसऱ्यांदा निवडून येण्यासाठी धडपडणाऱ्या कोणाला हे सुचले असते असे वाटत नाही.

त्याच १९५७ साली दोन गोष्टी घडल्या. बिहारमध्ये बेगुसरायजवळ रचियाही येथे मतदान केंद्र बळकावले गेले. अशा प्रकारची ती पहिलीच घटना म्हणून सांगितली जाते. पेटी पोलादी होती, तिच्यापर्यंत जाणारी वाट मात्र मोकळीच होती. केंद्र बळकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवायला संसदेला १९८८ ची दुरुस्ती करावी लागली. तोवर तीस वर्षांहून अधिक काळ गेला होता आणि कित्येक केंद्रे लुटली गेली होती. आयोग काही कायदे करू शकत नव्हता.

दुसरी गोष्ट घरगुती. सेन यांचे धाकटे बंधू अशोक कुमार सेन कलकत्त्याहून लोकसभेवर निवडून आले आणि कायदामंत्री झाले. म्हणजे निवडणुकीविषयी सभागृहात उत्तरे देणारे एक भाऊ, निवडणुका घेणारे दुसरे. आज असे झाले तर सभागृह डोक्यावर घेतले जाईल, आणि घ्यावेही. डिसेंबर १९५८ पर्यंत सुकुमारबाबू पदावर होते. त्यांच्या सचोटीविषयी मला शंका नाही; पण एखाद्याच्या सचोटीवर सगळा भार टाकायचा, तर सक्सेनांनी ती सूचना मांडली कशाला होती?

१९६० मध्ये नवे बर्दवान विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा सेन त्याचे पहिले कुलगुरू झाले. गणिताचे सुवर्णपदक घेतलेला माणूस असा फिरून विद्यार्थ्यांत आला. तिथे त्यांना फार काळ लाभला नाही. १९६३ मध्ये ते वारले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६२ च्या निवडणुकीत, उमेदवारागणिक वेगळी पेटी ठेवण्याची त्यांची पद्धत देशभर बंद झाली होती. लोक आता एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायला शिकले होते.

यंदाच्या अभिरूप संसदेत मी विरोधी बाकावर बसणार आहे. प्रश्न लिहून ठेवला आहे.