‘मंगल’वाले जोशी सर
संगणकावर मराठी टाइप करताना ‘मंगल’ फॉन्ट भेटला नाही असा विद्यार्थी विरळाच. तो काढला र. कृ. जोशींनी. जन्म १९३६. जे. जे.मध्ये शिकले, ‘उल्का’ या जाहिरात कंपनीत रमले, पुढे आयआयटी मुंबईत शिकवलं. कविताही करायचे.

खरी गंमत पुढेच आहे. एनसीएसटीत, म्हणजे नंतरच्या सी-डॅक मुंबईत असताना त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ केला. विंडोज २०००बरोबर तो सगळीकडे पोचला, पण मालकी कंपनीची. तिथेच सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी ‘रघुमल्याळम’ही काढला, आणि तो निघाला जीपीएल परवान्यावर. कुणीही घ्या, बदला, वाटा. अट एवढीच, बदलून वाटलात तर तोही असाच मोकळा ठेवायचा.

युसूफ वडगावचं एखादं पोरगं कॉलेजची वेबसाइट करायला बसलं की फरक लगेच कळतो. कोडमध्ये ‘मंगल’ लिहिलं तरी बघणाऱ्याच्या मोबाइलात तो नसतोच. मोबाइल आपलाच फॉन्ट लावून मोकळा होतो. फाइल सर्व्हरवर चढवावी, तर परवाना विकत घ्या. मोकळा फॉन्ट मात्र बिनधास्त चढवता येतो. खिशात दमडी नसलेल्याला हे लहान नाही.

जोशी सर २००८ मध्ये गेले. ‘मंगल’मधलं एखादं जोडाक्षर खटकलं, तर आजही कंपनीच्याच तोंडाकडे बघावं लागतं. ‘रघुमल्याळम’ मात्र केरळातल्या ‘स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग’च्या स्वयंसेवकांनी सांभाळला. त्यासाठी त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही.