सोयरिकीचं विज्ञान आणि इरावतीबाई

इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला ‘युगान्त’ आठवतं. महाभारतातल्या माणसांवरचं पुस्तक, 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तर हे पाठच असतं. पण इरावतीबाई पेशानं लेखिका नव्हत्याच. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या. माणसांची उंची, डोकी, नाकं मोजत आणि कोणाची सोयरीक कोणात होते याची टिपणं घेत त्या महाराष्ट्रभर फिरल्या. त्यांना पडलेला एक प्रश्न आजही आपल्याकडच्या प्रत्येक लग्नाच्या बायोडेटात दडलेला आहे. एका जातीची माणसं म्हणजे एका रक्ताची माणसं, हे खरं का?

ब्रह्मदेशातून बर्लिनला

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्यात हुजूरपागेत पाठवलं. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी ती त्यांच्या मुलीसारखीच वाढली. पुस्तकांनी भरलेलं, वाद घालायची मोकळीक असलेलं ते घर होतं. फर्ग्युसनमधून 1926 साली तत्त्वज्ञानात बी.ए. झाल्यावर त्यांनी मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए. केलं. लग्न झालं दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी, म्हणजे त्या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई झाल्या. गंमत म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना सुनेचं जर्मनीला जाणं फारसं पटलं नव्हतं. त्या तरीही 1928 साली गेल्या.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं तेव्हाचं मोठं नाव. गोऱ्या युरोपियनांची बुद्धी वरचढ, त्यामुळे त्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू जास्त असमान असणार, असा फिशर यांचा कयास होता. तो तपासायचं काम या पंचविशीतल्या मुलीकडे आलं. तिनं दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. युरोपातल्या आणि बाहेरच्याही. आकडे मांडले तर वंशानुसार असा काही फरक दिसेना. गाईड मोठा, देश परका, डिग्री त्याच्याच हातात. आपल्यापैकी किती जणांनी आकडे थोडे ‘अ‍ॅडजस्ट’ केले असते? इरावतीबाईंनी जे दिसलं तेच लिहिलं. 1930 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे काही वर्षांतच त्या संस्थेतल्या संशोधनाचा वापर नाझींनी आपल्या वंशवादी कायद्यांना आधार म्हणून केला. हे कळल्यावर त्या प्रबंधाचं मोल लक्षात येतं.

थोरचाके आणि लहानचाके

परत आल्यावर काही वर्षं त्या एसएनडीटी विद्यापीठात कुलसचिव होत्या. 1939 पासून अखेरपर्यंत त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहिल्या. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणूनही त्यांचं नाव आजही सांगतात.

तेव्हा सर्वसाधारण समज असा होता की मूळ एक समाज होता, तो फुटत गेला आणि जाती-पोटजाती झाल्या. घुर्ये सरांचं म्हणणंही साधारण याच वळणाचं होतं. इरावतीबाईंनी आपल्याच सरांशी वाद घातला. उदाहरण घेतलं कुंभारांचं. महाराष्ट्रात थोरचाके कुंभार वेगळे, लहानचाके वेगळे. चाकं वेगळी, घडवायची पद्धत वेगळी आणि एकमेकांत लग्नं होत नाहीत. मग हे एकाच झाडाच्या फांद्या कशावरून? कदाचित वेगवेगळी झाडं शेजारी उगवली आणि सगळ्यांना आपण एकच नाव दिलं! 1961 च्या ‘हिंदू सोसायटी’ या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर मांडलं. पुढे 1968 साली कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत त्यांनी समान दर्जाच्या आठ गटांची तुलना प्रसिद्ध केली. आठही ब्राह्मणच, पण आपापल्यातच लग्नं करणारे. शरीराची मापं आणि रक्तगट यांत ते एकमेकांपासून चांगलेच वेगळे निघाले. म्हणजे समाजातली पायरी एक असली तरी जैविक नातं जवळचं असेलच असं नाही. मुंबईत सांघवी आणि खानोलकर यांनीही 1949 साली असंच सहा गटांचं काम छापलं होतं.

तुरीची मूठ

आता हे गट वेगळे का पडतात? एक कारण म्हणजे मूळ वेगळं असणं. दुसरं कारण समजायला लातूरच्या आडतीत चला. तुरीचं पोतं उघडा. समजा शंभरात दहा दाणे पांढरे, बाकी लाल. पाच-पन्नास घरांना बियाण्यासाठी एकेक मूठ दिली. कोणाच्या मुठीत पांढरे जास्त येतील, कोणाच्या मुठीत एकही नाही. दरवर्षी प्रत्येकानं आपल्याच पिकातून पुन्हा मूठभरच बी राखलं, तर काही वर्षांनी एखाद्या घरी सगळी पांढरी तूर आणि शेजारी सगळी लाल. पांढरी चांगली म्हणून कोणी निवडली नाही. नुसता मुठीचा खेळ. यालाच जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. गट जितका छोटा आणि बंद, तितका हा खेळ जोरात.

आणि पांढरा दाणा मुळात येतो कुठून? पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते. अक्षरं तीनशे कोटी, मग कुठेतरी चूक राहतेच. तीच म्युटेशन. प्रत्येक बाळ आई-बापांत नसलेले साधारण 60 ते 70 नवे बदल घेऊन जन्मतं. बहुतेकांनी काहीच बिघडत नाही. पण लग्नं एकाच छोट्या गटात होत राहिली की एखादा बिघडलेला बदल योगायोगानं वाढतो. मग तोच बदल आई आणि बाप दोघांकडून आला की आजार दिसतो.

आर्य वैश्य समाज नांदेडच्या बाजारपेठेत सगळ्यांच्या ओळखीचा. भुलीच्या वेळी स्नायू सैल करायला देतात त्या एका औषधाचा असर या समाजातल्या काहींच्या शरीरात लवकर उतरत नाही. ते औषध मोडणारं एन्झाइम कमी असतं. हे प्रमाण इतरांपेक्षा इथे कितीतरी जास्त आहे. यात कोणाचा दोष नाही. फार पूर्वी थोड्या माणसांपासून सुरू झालेल्या गटाचा हा परिणाम. डॉक्टरांना आधी सांगितलं की दुसरं औषध वापरता येतं. 2017 साली भारतातल्या अडीचशेहून अधिक गटांचा डीएनए तपासला, तेव्हा 81 गटांत असा ‘मूठभरांचा’ ठसा फार ठळक दिसला.

अर्थात सगळंच योगायोगानं होत नाही. किनवट-माहूरकडे आढळणाऱ्या सिकलसेलचं एकच जनुक अंगात असेल तर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून ते टिकून राहिलं. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार व्हायची शक्यता 25 टक्के.

इरावतीबाईंकडे डीएनए नव्हता. कॅलिपर, मोजपट्टी आणि वही होती. ती मोजमापं मुळात वंश ठरवायला निघालेल्या शास्त्रातून आली होती, आणि त्यावरून आजचे अभ्यासक त्यांच्यावर टीकाही करतात. ती रास्त आहे. पण त्याच हत्यारांनी त्यांनी वंशश्रेष्ठत्वाचा एक दावा खोडला आणि जातीच्या एकरक्ताची समजूत हलवली, हेही तितकंच खरं. 11 ऑगस्ट 1970 रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या गेल्या.

‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या 1953 च्या पुस्तकात त्यांनी देशातल्या सोयरिकींचा नकाशाच मांडला. महाराष्ट्र त्यात उत्तर आणि दक्षिणेच्या मधला. आपल्या मराठवाड्यात मामाची मुलगी चालते, सीमेकडच्या काही घरांत मामा-भाचीही. अशा जवळच्या लग्नांत एकच बदल दोन्हीकडून यायची शक्यता आणखी वाढते. आपल्या बायोडेटात रास, गण, नाडी, पोटजात सगळं असतं. एक नाडी आली म्हणून स्थळ मोडतं. सिकलसेलच्या साध्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मात्र क्वचितच कोणी मागतं.