कडू चवीचे साम्राज्य : कोण होते गास्पारे कॅम्पारी?

कोल्हापूरकरांना इटलीतील फ्लोरेन्स शहर ओळखीचे आहे ते छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांच्या स्मारकामुळे. युरोप दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांचे तिथे निधन झाले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच काळात इटलीतील मिलान शहरात एक कारागीर कडू मद्याच्या जोरावर आपला व्यवसाय उभारत होता. त्याचे नाव गास्पारे कॅम्पारी.

कडू मद्य म्हणजे काय?

गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला गुळासोबत खातो. इटलीतील 'आमारो' आणि 'बिटर' या पेयांतही कडू आणि गोड असेच एकत्र येतात. मुळे, साली, पाने आणि फळांच्या साली मद्यार्कात भिजवून अर्क काढायचा, तो गाळायचा आणि त्यात पाणी व साखर घालायची, अशी ही ढोबळ पद्धत. अनेक आमारोंना जेन्शियन या वनस्पतीच्या मुळामुळे कडवटपणा येतो. आपल्याकडच्या काढ्यातले काडेचिराईत याच कुळातले. कडू चवीने तोंडाला पाणी सुटते, म्हणून ही पेये जेवणाआधी किंवा जेवणानंतर घेण्याची प्रथा पडली. सुरुवातीला औषध म्हणून दिले जाणारे हे अर्क पुढे कॅफेत पोहोचले. अर्थात, मद्य हे औषध नव्हे.

शेतकऱ्याचा मुलगा ते कारागीर

गास्पारे यांचा जन्म १८२८ मध्ये कासोलनोवो गावातील शेतकरी कुटुंबात झाला. कोवळ्या वयातच ते तुरिन शहरात मद्य बनवण्याचे काम शिकायला गेले. १७८६ मध्ये याच शहरात आंतोनियो कार्पानो यांनी व्हर्मूथ बाजारात आणली होती. काम शिकून गास्पारे नोव्हारा शहरात आले आणि १८६० मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे लालभडक 'बिटर' याच काळातले. हा रंग कोचिनिल नावाच्या किड्यांपासून मिळे.

दुकान पाडले, तरी डाव साधला

नोव्हारानंतर त्यांनी मिलानच्या भव्य कॅथेड्रलजवळ दुकान थाटले. मात्र चौकाच्या पुनर्रचनेत तिथल्या जुन्या इमारती पाडल्या गेल्या. बसलेली घडी विस्कटण्याची वेळ आली होती. गास्पारे यांनी त्याच जागी उभ्या राहिलेल्या 'गॅलेरिया' या नव्या बाजारसंकुलात कॅफे उघडला. १८६७ मध्ये तिथेच त्यांचा मुलगा दाविदे जन्मला. शहरातील नामवंतांची तिथे वर्दळ वाढली.

घराण्याने वारसा कसा राखला?

१८८२ मध्ये गास्पारे यांचे निधन झाले, तेव्हा दाविदे अवघा १५ वर्षांचा होता. अशा वेळी गास्पारे यांच्या पत्नी लेतित्सिया यांनी व्यवसाय सांभाळला आणि पुढे मुले हाताशी आली. १९०४ मध्ये मिलानजवळच्या सेस्तो सान जोव्हान्नी इथे कारखाना सुरू झाला. दाविदे यांनी कॅफेवाल्यांना एक अट घातली : आमचे बिटर विकायचे असेल, तर आमच्या नावाची पाटी लावायची. त्यामुळे एका दुकानापुरते असलेले नाव शहरोशहरी पोहोचले. १९३२ मध्ये आलेल्या 'कॅम्पारी सोडा'च्या शंकूच्या आकाराच्या बाटलीचे डिझाइन चित्रकार फोर्तुनातो देपेरो यांचे होते. १९३६ मध्ये दाविदे यांचेही निधन झाले.

आज काय स्थिती?

- कंपनीचे नियंत्रण आता कॅम्पारी नव्हे, तर गाराव्होलिया कुटुंबाकडे आहे.
- मूळ कृती आजही गुपित आहे. मद्यार्क, पाणी, वनस्पती आणि फळे यापलीकडे फारसे सांगितले जात नाही.
- २००६ मध्ये कंपनीने कोचिनिलचा वापर बंद करण्यास सुरुवात केली.
- जिन, व्हर्मूथ आणि कॅम्पारी समप्रमाणात घेऊन केलेले 'नेग्रोनी' हे पेय १९१९ च्या सुमारास जन्मले, असे सांगितले जाते. तेही राजाराम महाराजांची छत्री असलेल्या फ्लोरेन्समध्येच.