मास्टर दीनानाथ : एका नटाचा जमाखर्च

आमच्या वाड्यावर जत्रेचे नाटक उभे राहते तेव्हा महिनाभर आधी देवळाच्या पायरीवर बसून हिशेब चालतो. वर्गणी किती, ड्रेपरीवाल्याला किती, ऑर्गनवाल्याला आणि तबलजीला किती, बाहेरून आणायच्या नटीला किती. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून एका वर्षी ती वही माझ्या हाती आली आणि शेवटी शिल्लक उणे निघाली. मी ओशाळलो. तेव्हा एका वयस्कर काकांनी समजूत घातली की जे मास्टर दीनानाथांना जमले नाही ते तुला न जमले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे! त्या दिवसापासून दीनानाथांच्या गाण्याबरोबर त्यांच्या हिशेबाचाही मला नाद लागला.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी फोंडा महालातील मंगेशी येथे झाला. डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा हे सारे नव्या काबिजादीतले महाल. पोर्तुगीज अमलातही येथे घरोघरी मराठी पोथ्या वाचल्या जात आणि देवळांच्या मंडपांत मराठी नाटके होत. वडील गणेशभट्ट मंगेशाचे पुजारी आणि आई येसूबाई राणे देवळाच्या सेवेतील कलावंत घराण्यातली. वडिलांचे आडनाव या मुलाच्या वाट्याला आले नाही. त्याने गावाचे नाव घेतले आणि मंगेशकर झाला. आज हे आडनाव जगभर ठाऊक आहे. पण ते ज्याने प्रथम लावले त्याला ते वारशाने मिळाले नव्हते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

लहानपणी बाबा माशेलकरांकडे गाण्याचे पहिले धडे मिळाले. पुढे त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांचा गंडा बांधला. बुवांचा जन्म पेडण्याच्या हद्दीला लागून असलेल्या सावंतवाडी संस्थानातला, म्हणून माझ्या आजोळची माणसे त्यांनाही आपलेच समजतात! पण गाणे आले तरी गोव्यात राहून पोट भरेना. मालप्याच्या अंजनीबाई मुंबईत नावारूपाला आल्या. दीनानाथांनाही सीमा ओलांडावीच लागली.

वेळ अनुकूल होती. १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून गेले आणि त्या नामांकित कंपनीला गोड गळ्याच्या, देखण्या मुलाची निकड भासू लागली. दीनानाथ तेथे दाखल झाले. चार-एक वर्षांत नाव झाले. नोकरी पक्की होती, जेवण-राहणे कंपनीचे होते. असे असताना १९१८ मध्ये, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ते बाहेर पडले व 'बळवंत संगीत मंडळी' स्थापन झाली. या वयात आम्ही अकरावी-बारावीच्या टक्केवारीची चिंता करतो!

राम गणेश गडकऱ्यांचा या मंडळीवर लोभ होता. त्यांचे 'भावबंधन' त्यांच्या मृत्यूनंतर बळवंतनेच रंगभूमीवर आणले. चिंतामणरावांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका ही जोडी गाजली. पुढे वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभी' (१९२७) आणि रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' (१९३१) त्यांनी केले. दोन्ही नाटकांच्या चाली वझेबुवांच्या होत्या. परकी सत्ता असताना असली नाटके उभी करणे हे धाडसच. बालगंधर्वांच्या लाडिक, हळुवार गायकीसमोर दीनानाथांची गायकी तडफेची. पंजाबी वळणाच्या झपाट्याच्या ताना, अवघड जागी बेधडक उडी. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका खरखरतात, तरीही तान सुटली की ऐकणारा सावरून बसतो. मला विचाराल तर बालगंधर्वांशी त्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

आता हिशेबाकडे वळू. नाटक कंपनीचा धंदा रोखीचा असतो. आज खेळ केला की आजच गल्ला मोजायचा आणि उद्या त्यातूनच पगार व भटारखाना चालवायचा. एखादा प्रवेश पडला तर दुसऱ्या दिवशी तो सुधारता येतो. पण १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि गाणे ऐकण्यासाठी नाटकाच्या तिकिटाला पैसे मोजणारा प्रेक्षक बोलपटाकडे वळला. पडद्यावरच्या नटाला ना रोजचे जेवण लागते, ना कधी त्याचा घसा बसतो. कंपन्या एकामागून एक बसू लागल्या.

बळवंत मंडळीने ठरविले की आपणच चित्रपट काढायचा. सांगलीत 'बळवंत पिक्चर्स' उभी राहिली. १९३४ चा 'कृष्णार्जुन युद्ध' हा त्यांचा मराठी-हिंदी बोलपट. दिग्दर्शनाची बाजू चिंतामणराव कोल्हटकर आणि तरुण विश्राम बेडेकर यांनी सांभाळली. चित्रपट चालला नाही. पुढचे प्रयत्नही त्यांना सावरू शकले नाहीत. नाटकात पैसा रोज येतो. चित्रपटात पहिले तिकीट फाटण्याआधीच सगळे भांडवल ओतावे लागते. नाटकवाल्यांच्या हाती रोजचा गल्ला होता, साठविलेले भांडवल नव्हते. कर्जावर उभा केलेला धंदा एका अपयशाने कोसळला.

येथे कन्नड विभागातील मित्रांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच १९३४ साली सांगलीपासून जवळच, कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये 'सती सुलोचना' हा पहिला कन्नड बोलपट तयार झाला. सुब्बय्या नायडू आणि नागेंद्रराव हे त्यातील नट रंगभूमीवरचेच. परंतु पैसा बंगळूरच्या चमनलाल डुंगाजी या व्यापाऱ्याचा होता. जोखीम सावकाराची आणि अभिनय नटांचा अशी विभागणी होती. गुब्बी वीरण्णांनी १९३५ मध्ये 'सदारमे' काढला, पण आपली नाटक कंपनी मोडली नाही. दीनानाथांनी मात्र नट, गायक, मालक आणि निर्माता या चारही जबाबदाऱ्या अंगावर घेतल्या. त्यांना व्यवहार कळत नव्हता असे सर्रास लिहिले जाते. मला ते पूर्ण पटत नाही. पंधरा वर्षे कंपनी चालविणाऱ्याला अजिबात व्यवहार कळत नव्हता असे कसे म्हणायचे? त्यांनी नवा धंदा जुन्या धंद्याच्या हिशेबाने केला, एवढीच त्यांची चूक मला दिसते.

घरी पत्नी शेवंती, म्हणजे माई, आणि पाच मुले. ज्योतिषाचा त्यांचा अभ्यास होता, पण कर्ज फेडायला तो उपयोगी पडला नाही. उत्तरकाळात व्यसनही जडले आणि प्रकृती ढासळली. त्याही स्थितीत थोरल्या मुलीला समोर बसवून ते शिकवीत राहिले. १९३८ मध्ये सोलापूरच्या जलशात तिला आपल्याबरोबर गायला बसविले. सांगली सुटली, पुण्यात बिऱ्हाड आले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. वय अवघे एकेचाळीस.

या मुलीचे पाळण्यातले नाव हेमा. 'भावबंधन'मधील लतिकेवरून दीनानाथ तिला लता म्हणू लागले होते. मुलीने सिनेमात गावे हे त्यांना रुचत नव्हते. त्यांच्या मृत्यूच्या वेळी तिला तेरावे वर्ष चालू होते, आणि त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या नवयुगच्या चित्रपटात ती पोटासाठी तोंडाला रंग लावून उभी राहिली.