वाट मोकळी करणारा परमवीर : मेजर रामा राघोबा राणे

रणांगणावरील पराक्रम म्हटला, की शत्रूवर तुटून पडणारा योद्धा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. मेजर रामा राघोबा राणे यांचा पराक्रम मात्र वेगळ्या जातीचा होता. गोळ्यांच्या वर्षावात त्यांनी जमिनीत पेरलेले सुरुंग काढले, अडथळे उडविले आणि मागून येणाऱ्या सैन्याला वाट करून दिली. परमवीरचक्राचे पहिले हयात मानकरी म्हणून देश त्यांना ओळखतो.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी तत्कालीन मुंबई इलाख्यातील कारवारजवळच्या चेंडिया या गावी झाला. वडील पोलीस खात्यात शिपाई होते. त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण विस्कळीतच राहिले. दुसरे महायुद्ध सुरू असताना, १० जुलै १९४० रोजी राणे बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले. खडकीच्या प्रशिक्षण केंद्रात ते आपल्या तुकडीतील सर्वोत्कृष्ट जवान ठरले. त्यानंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी जपानी सैन्याचा सामना केला. शिपाई म्हणून सेवेत आलेल्या राणे यांना १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाले.

तेव्हा काश्मीर पेटले होते. नोव्हेंबर १९४७ पासून राजौरी घुसखोरांच्या ताब्यात होती आणि तेथील निरपराध नागरिकांवर अनन्वित अत्याचार सुरू होते. मार्च १९४८ मध्ये भारतीय सैन्याने झांगर परत जिंकून घेतल्यावर नौशेराहून राजौरीकडे कूच करण्याचे ठरले. परंतु डोंगरांतून नागमोडी जाणारा तो रस्ता शत्रूने सुरुंग पेरून, झाडे आडवी टाकून आणि मोऱ्या उद्ध्वस्त करून पुरता अडविला होता. रणगाडे पुढे सरकल्याखेरीज राजौरीची सुटका होणे कठीण होते आणि वाट मोकळी झाल्याखेरीज रणगाडे पुढे सरकू शकत नव्हते.

ही जबाबदारी राणे यांच्या तुकडीवर आली. ८ एप्रिल १९४८ रोजी सकाळी ११ वाजता ते रस्त्याच्या २६ व्या मैलापाशी कामाला प्रारंभ करणार, तोच उखळी तोफांचा भडिमार सुरू झाला. दोन जवान धारातीर्थी पडले. स्वतः राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. जखमेची पर्वा न करता त्यांनी तुकडीची फेरजुळणी केली. सायंकाळी बारवाली टेकडी काबीज झाली, तरी शत्रू पुरता हटला नव्हता. तशातही राणे यांनी रणगाड्यांसाठी पर्यायी मार्ग काढण्याचे काम रात्री १० वाजेपर्यंत चालू ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता काम पुन्हा सुरू झाले आणि दुपारी ३ वाजता तो मार्ग तयार झाला. सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत राणे स्वतः बसले. अडथळा आला, की खाली उतरावयाचे, तो उडवावयाचा आणि पुढे निघावयाचे, असा क्रम अंधार पडेपर्यंत चालला. शेवटी पाइनच्या पाच प्रचंड वृक्षांनी वाट रोखली. भोवती सुरुंग होते आणि समोरून मशिनगनचा मारा होत होता. रात्रीपुरता ताफा थांबला. १० एप्रिलच्या पहाटे पावणेपाचला राणे यांनी तेच काम पुन्हा हाती घेतले आणि साडेसहापर्यंत तो अडथळा दूर केला. त्या दुपारी २ वाजता रणगाडे चिंगसला पोहोचले. रसद घेऊन येणाऱ्या वाहनांसाठी रस्ता अद्याप खुला नव्हता. म्हणून अन्न व विश्रांती न घेता राणे रात्री ९ वाजेपर्यंत राबत राहिले. ११ एप्रिल रोजी सकाळी ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीस खुला झाला. त्यापुढचा मार्ग मोकळा करण्यात त्यांनी ती रात्रही १० वाजेपर्यंत घालविली. १२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत शिरले. मृत्यूच्या छायेत दिवस कंठणाऱ्या अनेक नागरिकांचे प्राण वाचले.

या कामगिरीबद्दल २१ जून १९५० रोजी राणे यांना परमवीरचक्र जाहीर झाले. विशेष म्हणजे हे पदक साकारणाऱ्या सावित्री खानोलकर याही, जन्माने युरोपीय असल्या तरी, विवाहाने मराठी कुटुंबातल्या होत्या. १९६८ मध्ये राणे मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. पुढेही १९७१ पर्यंत त्यांनी सैन्यात पुनर्नियुक्तीवर सेवा केली. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कारवारच्या समुद्रकिनारी ७ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. युद्धातील विजयाचा मान बहुधा आघाडीवर लढणाऱ्यांना मिळतो; त्यांच्यासाठी वाट करून देणारे हात विस्मृतीत जातात. अशा असंख्य अज्ञात हातांचाही सन्मान राणे यांच्या परमवीरचक्राने झाला आहे.