दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म : डहाणू, १७ जानेवारी १९०५, मृत्यू : देवळाली, १९८६) हे एक मराठी गणितज्ञ होते. गणितातील पदव्युत्तर पदवी किंवा विद्यापीठातील पद नसतानाही त्यांनी अंकशास्त्रात मोलाची भर घातली.

जीवन

कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. वडील कारकून होते व त्यांना फलज्योतिषाची आवड होती; त्यासाठी लागणाऱ्या आकडेमोडीतून मुलाला अंकांची गोडी लागली. ठाण्यात माध्यमिक शिक्षण घेतल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ साली त्यांना मौलिक गणिती लेखनासाठी रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली पदवी घेऊन ते देवळालीत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त झाले.

डेम्लो संख्या

आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना कापरेकरांनी 'डेम्लो' हे नाव दिले. अशा संख्येचे डावे व उजवे टोक मिळवले असता मधला अंक किंवा त्याचीच पुनरावृत्ती मिळते; उदा. २५५३ मध्ये २ + ३ = ५.

या वर्गातील विशेष प्रसिद्ध संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही होय. ही सतरा अंकी संख्या १११११११११ चा वर्ग असून तिच्या दोन बाजूंची बेरीज, १२३४५६७८ + ८७६५४३२१, ही ९९९९९९९९ येते. दहा एकांच्या वर्गात मात्र हातचा येतो आणि अंकांची ही चढउतार मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

हर्षद संख्या

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. वरील सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. तिला ८१ ने भागल्यास १५२४१५७८९९७१०४१ हा भागाकार येतो व बाकी उरत नाही. म्हणजे ती डेम्लो आणि हर्षद अशी दोन्ही आहे.

कापरेकर स्थिरांक

सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. वजाबाकी चारपेक्षा कमी अंकांची आल्यास डावीकडे शून्य धरावे. ही कृती पुन्हा पुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या मिळते; पुढे ती बदलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. हा शोध १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला गेला.

उत्तरायुष्य

कापरेकरांच्या संशोधनाला अनेक भारतीय गणितज्ञांनी क्षुल्लक ठरवले. त्यामुळे त्यांचे पुष्कळसे लेखन खाजगीरीत्या छापलेल्या पुस्तिकांतून प्रकाशित झाले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्या कार्यावर लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते.