विजय सॅम्युअल हजारे : 'इतर' संघातला एक

दर हिवाळ्यात आपल्या मोबाइलवर विजय हजारे ट्रॉफीचे स्कोअर येऊ लागतात. मंडळाच्या मागच्या बैठकीत मी सांगितलं की या अंकासाठी हजारेंवर लिहिणार, तेव्हा पहिल्या वर्षाच्या एका मुलीने अगदी निरागसपणे विचारलं की हे अण्णा हजारेंचे कोण? सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, आपलं तरी काय वेगळं होतं! मलासुद्धा दोन वर्षांपूर्वीपर्यंत ट्रॉफी ठाऊक होती, माणूस नव्हता. हा माणूस आपल्याच बडोद्यात राहिला आणि इथेच गेला, हे तर मुळीच नाही.

धावफलकावर त्यांचं नाव व्ही. एस. हजारे असं असायचं. त्यातला 'एस' म्हणजे सॅम्युअल. हे कळलं तेव्हा मी जरा सरसावून बसलो, खोटं कशाला बोलू? मराठी बोलणारा ख्रिस्ती मुलगा या शहरात वाढतो तेव्हा त्याला दोन प्रश्न कायम विचारले जातात. गुजराती मित्र विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? आणि मराठी माणसं विचारतात, ख्रिस्ती असून मराठी इतकं छान कसं? ते प्रोटेस्टंट घरातले, मी कॅथलिक, तरी हा दुसरा प्रश्न त्यांनाही कुणीतरी विचारला असेलच असं मला वाटतं.

विजयचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. वडील शिक्षक, घरात आठ मुलं. शिक्षकाच्या पगारात आठ मुलं म्हणजे बॅट-पॅडची चैन परवडणारी नव्हती, हे वेगळं सांगायला नको. पण तेव्हाच्या सांगलीत आणि आसपास एक गोष्ट होती, जी आज नाही. ती म्हणजे संस्थानं. सांगली, मिरज, जत, कोल्हापूर, जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावाला आपला राजा, आणि यातल्या बऱ्याच राजांना क्रिकेटचं वेड. चांगला खेळणारा पोरगा दिसला की त्याला नोकरीत घ्यायचं, कागदावर हुद्दा द्यायचा आणि प्रत्यक्षात मैदानावर पाठवायचं, अशी पद्धत होती. आपण आज ज्याला प्रोफेशनल खेळाडू म्हणतो तो त्या काळी हिंदुस्थानात असाच तयार होई. त्याला करार नसे, लिलाव तर नसेच. राजाची मर्जी हाच करार.

१९३४-३५ च्या हंगामात रणजी स्पर्धा सुरू झाली आणि त्याच हंगामात हजारे महाराष्ट्राकडून खेळले. वय एकोणीस. पुढे ते मध्य भारत संघातूनही खेळले, कारण देवासच्या विक्रमसिंहराव पवारांचा आश्रय त्यांना मिळाला होता. (साहित्यवाल्यांसाठी : थोरल्या पातीचं हेच ते देवास, जिथे ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये महाराजांचे सेक्रेटरी होते. विक्रमसिंहरावांच्या वडिलांच्या काळातली गोष्ट.)

आणि मग जत. आज सांगली जिल्ह्यातला दुष्काळी तालुका म्हणून आपण त्याचं नाव ऐकतो. तिथल्या डफळे राजांनी चक्क क्लॅरी ग्रिमेटला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. ग्रिमेट म्हणजे कसोटीत २०० बळी घेणारा जगातला पहिला गोलंदाज. दक्षिण आफ्रिकेच्या एका दौऱ्यात ४४ बळी घेऊनही ऑस्ट्रेलियाने त्याला पुन्हा कसोटीत घेतलं नव्हतं. तो लेगस्पिनर जतच्या माळावर पोरांना शिकवतोय आणि समोर सांगलीच्या मास्तरांचा मुलगा उभा आहे, हे चित्र मला कुठल्याही कादंबरीपेक्षा भारी वाटतं.

हजारेंची उभं राहायची ढब विचित्र होती. बॅट जवळजवळ दोन्ही पॅडच्या मधे, मुठीवरचे हात एकमेकांपासून लांब. कुठल्याही कोचिंग क्लासमध्ये पहिल्याच दिवशी बदलायला लावतील अशी. ग्रिमेटकडे शिकल्यानंतरही ती गेली नाही, शेवटपर्यंत तशीच राहिली.

इथे जरा थांबतो, कारण तारखा जुळवताना मला एक गोष्ट दिसली आणि ती डोक्यातून जाईना. १९३६ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला जाऊन तीन कसोटी खेळून आला. हजारे त्यात नव्हते. ते तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यानंतर आपल्या देशाची पुढची कसोटी झाली ती थेट जून १९४६ मध्ये. मधे महायुद्ध आलं, इंग्लंडचा ठरलेला दौरा रद्द झाला. म्हणजे एकविसाव्या वर्षापासून एकतिसाव्यापर्यंत, खेळाडूच्या आयुष्यातली जी ऐन उमेदीची वर्षं, त्यात देशासाठी खेळायला कसोटीच नव्हती. मीही आत्ता एकवीस वर्षांचा आहे. एखाद्या परीक्षेची तारीख दोन महिने पुढे गेली तरी आम्ही सैरभैर होतो. आणि यांनी दहा वर्षं काय केलं? खेळत राहिले. जो संघ मिळेल त्याच्यातून.

जानेवारी १९४०, पुणे. महाराष्ट्राचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर, संस्कृतचे प्राध्यापक, पन्नाशीला टेकलेले. समोर बडोदा. हजारेंनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतलं हे पहिलं त्रिशतक. त्यात नवव्या विकेटसाठी नगरवालांबरोबर २४५ धावांची भागी होती, म्हणजे शेपूट हाताशी धरून केलेली धुलाई. त्या वर्षी महाराष्ट्राने रणजी जिंकली, पुढच्या वर्षीही जिंकली.

आणि बडोद्याने काय करावं? ज्याने आपल्याला एवढं धुतलं त्यालाच बोलावून घेतलं! सयाजीराव महाराज १९३९ मध्ये गेले होते आणि गादीवर त्यांचे नातू प्रतापसिंहराव होते. १९४१-४२ पासून हजारे बडोद्याकडून खेळू लागले, महाराजांच्या पदरी राहिले, आणि मग हे शहर त्यांनी सोडलंच नाही. १९४२-४३ मध्ये बडोद्याने रणजी जिंकली. राज्याबाहेरून माणसं निवडून आणायची आणि त्यांना इथलंच करून टाकायचं, ही बडोद्याची जुनीच सवय. चित्रकार आणले, गवई आणले, तसे क्रिकेटवालेही.

आता मुंबईला जायला हवं, कारण हजारेंच्या या काळातला खरा पेच तिथे आहे. मुंबईत दरवर्षी जातवार, खरं तर धर्मवार, क्रिकेट स्पर्धा व्हायची. सुरुवात १८९२ मध्ये युरोपियन विरुद्ध पारशी अशी, १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान. राहिलेल्यांचं काय? १९३७ पासून त्यांचा पाचवा संघ झाला. त्याचं नाव होतं 'द रेस्ट'. मराठीत काय म्हणू, बाकीचे? उरलेले? इतर? त्यात ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे जे वरच्या चार खणांत मावत नव्हते ते सगळे. हजारे त्या संघात.

गांधीजींनी १९४० मध्ये या धर्मवार स्पर्धेला उघड विरोध केला. त्यांचं बरोबरच होतं असं मला वाटतं. देश दुभंगायच्या वाटेवर असताना हिंदू विरुद्ध मुसलमान असा सामना भरवून तिकिटं विकायची, हे बरं नाहीच. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हीच स्पर्धा नसती तर हजारेंना ब्रेबोर्न स्टेडियमवरची ती गर्दी कुठे मिळाली असती? कसोटी बंद होती. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतोय.

१९४३ च्या स्पर्धेत एक गंमत चालली होती. सर्वाधिक धावांचा विक्रम विजय मर्चंट यांचा होता, नाबाद २४३. हजारेंनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ करून तो मोडला. अंतिम सामना हिंदू विरुद्ध इतर. त्यात मर्चंटनी नाबाद २५० करून विक्रम परत घेतला आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. इतरांचा पहिला डाव १३३ वर आटोपला, त्यातल्या ५९ हजारेंच्या. फॉलोऑन. दुसऱ्या डावातही पडझड सुरू झाली. पाच गडी गेल्यावर त्यांच्या साथीला आला त्यांचाच धाकटा भाऊ, विवेक.

यानंतर जे झालं ते मी वहीवर आकडे मांडून पाहिलं, कारण विश्वास बसेना. दोघा भावांनी सहाव्या विकेटसाठी ३०० धावा जोडल्या. त्यात विवेकचा वाटा २१. एकवीस! म्हणजे एक भाऊ नुसता उभा राहिला, चेंडू अडवत राहिला, आणि दुसरा खेळत राहिला. संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजयच्या, दर पाचातल्या जवळजवळ चार. मर्चंटचा विक्रम पुन्हा मोडला. सामना तरी हरलेच, एक डाव आणि ६१ धावांनी.

लोक ३०९ लक्षात ठेवतात. मला त्या २१ चं जास्त अप्रूप वाटतं. आपल्या घरात असा एक भाऊ किंवा बहीण असते, जिचं नाव पेपरात येत नाही.

या स्पर्धा १९४६ मध्ये बंद पडल्या, ते बरंच झालं. त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड्सवर हजारे पहिली कसोटी खेळले. वय एकतीस. आज या वयात खेळाडूला लोक निवृत्त कधी होणार म्हणून विचारायला लागतात.

मग मार्च १९४७. रणजीचा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर, आणि तोही बडोद्यातच. होळकर म्हणजे कर्नल सी. के. नायडूंचा संघ, तेव्हाचा दादा. त्यांना २०२ वर उखडलं खरं, पण बडोद्याचेही ९१ वर तीन गडी गेले. हजारेंच्या जोडीला आला गुल महंमद. बुटका, डावखुरा, लाहोरचा. दोघांनी मिळून ५७७ धावा जोडल्या. गुल ३१९, हजारे २८८, बडोद्याच्या एकूण ७८४. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कुठल्याही विकेटसाठी तोवर जगात कुणी एवढी भागी केली नव्हती.

तारीख परत बघा. मार्च १९४७. पंजाबात त्याच महिन्यात दंगली पेटल्या होत्या. आणि इथे बडोद्यात एका मराठी राजाच्या संघातून सांगलीचा ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान एकमेकांसाठी धावा पळत होते. याला फार मोठा अर्थ चिकटवू नये हे मला कळतं. दोघेही नोकरी करत होते, महाराजांचं मीठ खात होते. तरीही धर्माच्या नावाने बांधलेल्या संघातून एकट्याने ३०९ काढायला लागणं आणि शहराच्या नावाने बांधलेल्या संघात असा जोडीदार मिळणं, यांत फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

पुढचं सगळं प्रसिद्धच आहे, म्हणून भरभर सांगतो. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर, लिंडवॉल आणि मिलर टाकत असताना, एकाच कसोटीत दोन शतकं, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात सहा जण शून्यावर गेले होते. हे सगळं पुन्हा हरलेल्याच सामन्यात! फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार हजारे होते. एकंदर ३० कसोटी, २१९२ धावा, सात शतकं. १९६० मध्ये पद्मश्री. १९६०-६१ पर्यंत ते बडोद्याकडून खेळत होते, पंचेचाळीस वर्षांचे होईतो.

गुल महंमदही १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर भारताकडूनच गेला होता. नंतर तो पाकिस्तानचा झाला, १९५६ मध्ये त्यांच्याकडून एक कसोटीही खेळला, आणि १९९२ मध्ये लाहोरला वारला. हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात गेले, वय ८९. त्यांची ५७७ ची भागी तोवर शाबूत होती. २००६ मध्ये कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ केल्या, तेव्हा ते पाहायला दोघांपैकी कुणीच उरलं नव्हतं.